तोंडानं सांग

"हात मागे. आधी हात मागे घे. हं, आता म्हण. भाकरी."

मुलीनं हात पाठीमागे नेले. सातेक वर्षांची असावी. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, कानात श्रवणयंत्राचा पिवळट गोळा. मोठ्या बाई तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून तिच्या ओठांपुढे कागदाचा कपटा धरून होत्या. 'भ' नीट निघाला की कागद हलतो.

"पाकई," मुलगी म्हणाली. कागद हलला नाही.

"पुन्हा. भा."

खांद्यावरची बॅग न उतरवता मी वर्गाच्या दारात उभी होते. बाईंनी मला पाहिलं होतं, पण कागद हलेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. बऱ्याच वेळानं तो हलला. बाईंनी मुलीला जवळ ओढून तिच्या कपाळाचा मुका घेतला. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. रोज असं काम करूनही त्यांना पाणी येत होतं, हे मला नंतर कळलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "या. पुण्याहून आलात ना? आम्हाला बदलायला."

माझं काम काय, हे लोकांना सांगताना तेव्हा मी नेहमी अडखळत असे. पुण्यातली आमची संस्था इतर संस्थांना मदत करायची. संस्थापक थकलेले असतात, बाकीचे त्यांच्या तोंडाकडे पाहून काम करत असतात, बाहेरचं जग कुठच्या कुठे गेलेलं असतं. अशा ठिकाणी काही महिने जाऊन राहायचं, सगळ्यांशी बोलायचं, दुसरी फळी उभी करायची आणि जे बदलायला हवं त्यासाठी संस्थेला तयार करायचं. कागदोपत्री याला क्षमताबांधणी म्हणत. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वेळ म्हाताऱ्या माणसांना दुखावण्यात जायचा.

'शब्दवेल' ही कर्णबधिर मुलांची निवासी शाळा मिरजेच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात होती. शकुंतला हेर्लेकर, म्हणजे या मोठ्या बाई, यांनी ती काढली ती स्वतःच्या मुलासाठी. श्रीरंग जन्मतः बहिरा. हा कधी बोलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बाई परगावी जाऊन शिकवण्याची पद्धत शिकून आल्या आणि पोराला समोर घेऊन बसल्या. तो पाच वर्षांचा असताना 'आई' म्हणाला. ते ऐकून आसपासचे लोक आपापली मुलं घेऊन आले आणि शाळा झाली. शाळेत नियम एकच होता. खुणा करायच्या नाहीत. हात वापरू दिले की मूल आळशी होतं आणि कधीच बोलत नाही, असं बाईंचं ठाम मत होतं. त्या काळात बहुतेक जाणकारांचंही तेच मत होतं, हेही सांगायला हवं.

मला बोलावलं होतं मुख्याध्यापक तांबोळी सरांनी. जाड मिशांचा, हळू बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शाळेमागच्या चिंचेखाली नेलं.

"मॅडम, मी गणित शिकवतो. पोरगं भागाकार बरोबर करतंय. पण असं का केलंस म्हणून विचारलं, तर त्याच्याकडं सांगायला शब्दच नसतो. दहा-दहा वर्षं राहून पोरं थोडेसे शब्द घेऊन घरी जातात. आणि हीच पोरं वसतिगृहात एकमेकांना हातानं काय काय सांगत असतात, ते बघा तुम्ही. आम्ही आत गेलो की सगळ्यांचे हात खाली."

"बाईंना बोललात का हे?"

"मी?" ते कसनुसं हसले. "मला त्यांनी उभं केलंय. मी कुठल्या तोंडानं बोलू? म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

श्रीरंग तेव्हा अडतिशीचा होता. उंच, खाली मान घालून चालणारा. शाळेतला सुतारकामाचा वर्ग आधी त्याचे वडील विनायकराव चालवायचे. ते वारल्यावर तो चालवू लागला. शिवाय तो विश्वस्त मंडळातही होता. शाळेत कुणीही पाहुणा आला की बाई त्याला बोलावून घेत. तो हातातला रंधा ठेवून, हात पुसत यायचा आणि एकेक शब्द खालून उचलून आणल्यासारखा म्हणायचा, "माझं. नाव. श्रीरंग हेर्लेकर. आपलं. स्वागत." पाहुणे टाळ्या वाजवायचे. माझ्यासमोरही झालं ते. मीही वाजवल्या.

एकदा दुपारी मी कार्यशाळेच्या खिडकीवरून जात होते. आत श्रीरंग मुलांच्या घोळक्यात उभा होता आणि त्याचे हात चालले होते. किती भरभर! मधेच तो कुणाची तरी नक्कल करायचा, मुलं पोट धरून हसायची, एखादा मुलगा हातानंच उलट काही तरी बोलायचा आणि श्रीरंग मान मागे टाकून हसायचा. हा माणूस हसतो हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याची नजर माझ्यावर पडली. हात तिथेच थांबले. त्यानं बाईंच्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नको, अशी मान हलवली.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

बाईंशी माझं जमलं. पंधरवड्यात त्या मला 'अगं अनघा' म्हणायला लागल्या. संध्याकाळी ओसरीवर चहा घेताना त्या स्वतःच विषय काढायच्या.

"तू खुणांच्या बाजूची आहेस. माहीत आहे मला. पण मला एक सांग, दुकानदाराला खुणा येतात? कंडक्टरला येतात? मी या मुलांना जगात पाठवते. तू त्यांना त्यांच्यातच कोंडून घालणार."

"दोन्ही शिकवता येईल, बाई."

"नाही येत. हात मोकळे सोडले की तोंड मिटतं. मी आयुष्य घातलंय यात."

"मुलांना पुष्कळ काही सांगायचं असतं. ते आपल्यापर्यंत पोचत नाही."

"पोचतं. आईला सगळं कळतं."

शेवटी मी एवढंच मागितलं, की विश्वस्तांच्या सभेला मी एका मुलीला आणते. रेश्मा तिचं नाव, मिरजेचीच, तिचे आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा तिला जन्मापासून येते. तिचं ऐकून घ्या आणि मग नाही म्हणा.

"ऐकून घेईन," बाई म्हणाल्या. "मी काही बहिरी नाही."

सभा शाळेच्या ग्रंथालयात झाली. अध्यक्ष मगदूम वकील, दोन-तीन जुने विश्वस्त, तांबोळी सर, बाई, मी. श्रीरंग नेहमीसारखा कोपऱ्यातल्या खुर्चीवर. रेश्मा त्याच्यासमोर बसली आणि जे कुणी बोलेल ते हातानं त्याला सांगू लागली. इतकी वर्षं तो सभांना येत होता, दाखवतील तिथे सही करत होता. सभेत काय चाललंय हे त्याला कळतं का, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता. सुरुवातीला तो रेश्माकडे चोरून पाहत होता. मग सरळ पाहू लागला. मग त्याची नजर तिच्यावरून हलेना.

मी माझे ठराव मांडले. शाळेत खुणांची भाषा आणायची. ती येणारे दोन बहिरे शिक्षक नेमायचे. बाईंनी कारभार तांबोळी सरांकडे सोपवायचा. शेवटचं वाक्य म्हणताना मी टेबलाकडे पाहत होते.

"बाई, आपलं मत?" मगदूम वकिलांनी विचारलं.

"माझं मत त्या खुर्चीत बसलंय," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. "श्री, ऊठ. सांग यांना, तुला बोलता येतं की नाही."

श्रीरंग उठला. आता तो स्वागताचं भाषण म्हणणार, असं मला वाटलं. त्यानं रेश्माकडे पाहिलं आणि हात छातीपर्यंत वर आणले.

"श्री. हात खाली. तोंडानं सांग."

हात खाली गेले नाहीत. ते चालू लागले आणि रेश्मा बोलू लागली.

"ते म्हणतायत, मला एकदा सगळं सांगायचंय. तोंडानं जमणार नाही. आईला थांबायला सांगा."

"हे काय चाललंय?" बाई म्हणाल्या.

"बाई, बोलू द्या त्यांना," मगदूम म्हणाले. "तेही विश्वस्त आहेत."

रेश्मा आता 'ते म्हणतायत' असं म्हणेनाशी झाली. श्रीरंगचे हात पुढे आणि तिचा आवाज मागोमाग. "मी आणि बाबा कार्यशाळेत हातानंच बोलायचो. मी लहान असल्यापासून. करवत चालू असली की माझं बोलणं बाबांना ऐकू यायचं नाही, तिथून सुरू झालं. मग आमची दोघांची भाषाच झाली. बाबा म्हणायचे, आईला सांगू नको. तिला वाईट वाटेल."

"विनायक?" बाई म्हणाल्या. त्या कुणाला विचारत होत्या, कळलं नाही.

"मग बाबांना दवाखान्यात ठेवलं. तोंडात नळी होती. त्यांना बोलता येत नव्हतं. मला आत सोडत नव्हते, मी काचेतून बघत होतो."

"श्री, तो विषय इथे नको."

श्रीरंगनं दोन्ही हात उचलले आणि बोटांची टोकं एकमेकांना टेकवली. तळवे लांब, फक्त टोकं जुळलेली. एकदा, दोनदा, तीनदा.

"बाबा असं करत होते. सारखं असंच."

"नमस्कार करत होते ते," बाई आम्हा सगळ्यांना म्हणाल्या. हळू, समजावल्यासारखं. "शेवटपर्यंत देवाला हात जोडत होते. मी होते ना तिथे. डॉक्टरसुद्धा म्हणाले, पुण्यवान माणूस."

रेश्मानं ते त्याला हातानं सांगितलं. त्यानं मान हलवली. तळव्याला तळवा लावून दाखवला आणि पुन्हा मान हलवली, हे नाही. मग परत ती टेकलेली टोकं, दोन्ही बाजूंना उतरते हात.

"हे छप्पर आहे. घर. बाबा म्हणत होते, घरी न्या."

 

"बाबांचा हात नळीकडे जायचा. म्हणून आईनं नर्सला त्यांचे हात पलंगाला बांधायला सांगितले. मग ते बोलू शकले नाहीत. आई बाहेर आली तेव्हा मी तिला असं करून दाखवलं. तिनं माझे हात धरून खाली दाबले. म्हणाली, तोंडानं सांग. मी तोंडानं सांगितलं. घर. घर. आई म्हणाली, दमलास, कळतंय मला. तिनं तांबोळी सरांना सांगितलं, याला घरी सोडून या."

तांबोळी सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "रिक्षानं सोडलं मी," ते म्हणाले. "रस्ताभर हा तेच म्हणत होता. मला वाटलं, घाई करतोय."

"मी घरी होतो, तेव्हा बाबा गेले."

रेश्माच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिनं आवाज मोडू दिला नाही. श्रीरंगचे हात खाली आले. तो उभाच राहिला.

बाई उठून त्याच्यासमोर गेल्या. त्याला ओठ वाचता यावेत म्हणून प्रत्येक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "मला. का नाही. सांगितलंस? इतकी वर्षं?"

श्रीरंगनं रेश्माकडे पाहिलं नाही. हातही उचलले नाहीत. तोंडानंच म्हणाला,

"कसं?"

शब्द अगदी स्वच्छ आला.

 बाई मागे सरकल्या आणि खुर्चीला धरून म्हणाल्या, "मगदूम, ठराव लिहून घ्या."

"कोणता, बाई?"

"अनघानं मांडलेले. सगळे." आणि त्या दाराकडे निघाल्या. उंबऱ्याशी त्यांचा तोल गेल्यासारखं झालं. श्रीरंग धावला, त्यानं दंडाला धरलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मायलेक अंगण ओलांडून मागच्या घराकडे गेले. एकमेकांकडे न बघता.

आमच्या कार्यालयाच्या अहवालात ते काम यशस्वी म्हणून नोंदलं गेलं. झालंही तसंच. सोलापूरहून एक बहिरे शिक्षक आले, नाशिकहून एक बाई आल्या. मुलांचे हात मोकळे झाले. हे हातवारे शिकवायला पोरं ठेवली नव्हती, असं म्हणून काही पालकांनी मुलं काढून नेली. दोन जुन्या शिक्षिका सोडून गेल्या, त्यातल्या एकीनं जाताना मला तोंडावर सांगितलं, "बाईंना जिवंतपणी मारलंत तुम्ही." तांबोळी सर बाईंच्या खोलीत बसायला तयार होईनात. त्यांनी व्हरांड्यात टेबल टाकलं.

निघण्याआधी मी रेश्माला घेऊन श्रीरंगला भेटायला गेले. तो एका बाकाला पॉलिश करत होता. कसा आहेस, विचारलं. त्यानं फडकं बाजूला ठेवलं, बोटं पुसली आणि थोडंसंच बोलला.

"म्हणतोय, सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं," रेश्मा म्हणाली. "म्हणतोय, आता आई रात्र रात्र जागी असते. तिला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं का, ते त्याला ठरवता येत नाही."

  फडकं उचलून तो कामाला लागला.

त्यानंतरच्या वर्षी, नवे प्रवेश चालू असताना, मी एक दिवस तिकडे गेले. अंगणात मुलं होती आणि सगळीकडे हात उडत होते. व्हरांड्यातल्या बाकावर बाई बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मी पाया पडले, तर मला त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

"काय म्हणतायत गं ही मुलं?" त्यांनी विचारलं.

"मला कुठे येतं, बाई?"

"मी शिकतेय. श्री शिकवतो, रोज संध्याकाळी." त्यांनी हात पुढे केले. बोटांची पेरं सुजून वाकली होती. "वळत नाहीत. चुकतं सारखं. तो काही म्हणत नाही, परत दाखवतो. पण आमच्यात बोलणं असं होत नाही. पाणी, जेवण, ऊन. मला विनायकबद्दल विचारायचं असतं. ते दोघं काय बोलायचे इतकी वर्षं, ते. तेवढं मला येणारच नाही आता."

त्यांनी हात पुन्हा मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "मुलं प्रत्येकाला खुणेचं नाव ठेवतात, माहीत आहे? तांबोळींचं नाव मिशी. तुझं बॅग. मी श्रीला विचारलं, माझं काय? तो सांगेना. एका मोठ्या मुलीला विचारलं, ती पळूनच गेली. शाळा निघाल्यापासून तेच नाव आहे म्हणे. शेवटी रेश्माला शपथ घातली तेव्हा तिनं दाखवलं."

त्यांनी डावी मूठ पुढे धरली आणि उजव्या हाताची दोन बोटं तिच्या पेरांवर मारली.

"लाकडी पट्टी होती माझ्याकडे. हात वर आला की द्यायचे. फार जोरात नाही." त्यांनी मूठ उघडून पेरांकडे पाहिलं. "जोरातच असणार. नाही तर नाव कशाला पडलं असतं."

तेवढ्यात एक छोटी मुलगी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. नवीनच, त्याच दिवशी आलेली. आईवडील आत तांबोळी सरांशी बोलत होते. तिच्यामागून तिला सांभाळायला दिलेली मोठी मुलगी आली. छोटीनं बाईंकडे बोट केलं आणि भुवया उडवून मोठीला विचारलं, ही कोण?

मोठीचा चेहरा उतरला. अर्धवट उचललेले हात तिनं फ्रॉकच्या मागे लपवले.

बाईंनी छोटीला खुणेनं जवळ बोलावलं. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग डावी मूठ पुढे धरून पेरांवर दोन बोटं मारली.

छोटी हसली. तिला तो खेळ वाटला. तिनं आपली इवलीशी मूठ धरली आणि तिच्यावर एक बोट मारलं. बाईंनी तिचा हात हातात घेतला, आपल्या वाकड्या बोटांनी तिचं मिटलेलं दुसरं बोट उघडलं आणि दोन्ही बोटं तिच्या मुठीवर हळूच टेकवून दाखवली. मुलीनं तसं केलं. बाईंनी मान डोलावली.

मग ती अंगणात पळाली, आणि जो भेटेल त्याला थांबवून, बाईंकडे बोट करून, त्यांचं नाव सांगत सुटली.